नववा रकाना

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, म्हणजे बातमी साधी नाही हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. तुझाच नियम आहे : फोनवर माणूस काहीही बोलून जातो, लिहिताना हात अडतो. तर माझा हात अडत अडत लिहितो आहे.

परवा बाविसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. ती करणारी बाई बडबडी आहे, दर वेळी मला हसवते. परवा बोलता बोलता गप्प झाली. एकच जागा तिने तीनदा मोजली आणि मला कुशीवर वळायला सांगून बाहेर गेली. ती परत येईपर्यंत मी भिंतीवरचं हात धुवायचं पत्रक पाठ केलं.

बाळाच्या डोक्यात पाणी साठतं आहे. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या दहा मिलिमीटरच्या आत असाव्यात. आमच्या चौदा आहेत. पाणी खाली उतरायची बारीक वाट बंद असावी, असं म्हणतात. मी रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लोकांच्या मुलांना पोहायला शिकवते, मावशी. पाण्याची भीती घालवणं हा माझा धंदा आहे.

मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टर आहेत. ते म्हणतात, जन्माची वाट बघायची नाही. माझ्या पोटातून सुई घालून बाळाच्या डोक्यात एक बारीक नळी बसवायची. नळीचं एक टोक डोक्यात, दुसरं बाहेर, माझ्या पोटातल्या पाण्यात. साठलेलं पाणी तिथे निघून जाईल आणि मेंदूला वाढायला जागा राहील. हे अजून प्रयोग म्हणून चाललंय. सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास करतात, म्हणजे आमच्या हातात महिनाभर आहे. आमच्या घरच्या लिफ्ट-मेकॅनिकला, म्हणजे तुझ्या जावयाला, हे लगेच पटलं. दाब वाढला की झडप हवीच, म्हणाला, आणि पाकिटाच्या मागे आकृतीही काढली. मला पटतही नाही आणि नाही म्हणवतही नाही. भीती वाटते आहे की शंका येते आहे, तेच कळत नाही.

विम्याच्या ऑफिसात तू एकतीस वर्षं लोकांची आजारपणं वाचलीस. सोबत हॉस्पिटलची पुस्तिका पाठवते. दाव्याचा कागद वाचतात तशी वाच.

आईला फोन केला होता. आधी रडली, मग विचारलं की हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये काय काय विचारतात. मला जरा नवल वाटलं.

तुझा लोभ आहे तेवढा असू दे, या खेपेला थोडा जास्तच.

तुझी,
भिंगरी


७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. रडायचं खातं तुझ्या आईकडे आहे, मी पुस्तिका वाचायला घेतली.

मुळात मला गुळगुळीत कागदाचा संशय येतो. मुखपृष्ठावर एक हसणारं बाळ आहे. या बाळाच्या डोक्यात कधी नळी होती, असं आत कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे ते कुणा भलत्याच बाईचं धडधाकट बाळ आहे आणि फोटोपुरतं हसवलेलं आहे. तिसऱ्या पानावर ‘अनेक मातांना दिलासा’ असं छापलंय. अनेक म्हणजे किती? आमच्याकडे कुणी अर्जात ‘अनेक’ लिहिलं की मी अर्ज परत धाडत असे.

दोन दिवस ग्रंथालयात जाऊन बसले. ही युक्ती नवी नाही, बाई. चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अशाच पोटातल्या बाळांना नळ्या घातल्या होत्या. काही नळ्या तुंबल्या, काही सरकल्या. शिवाय ज्यांचं दुखणं नुसतं पाण्याचं नव्हतं अशाही बाळांना घातल्या. त्यांचं पाणी उतरलं, पण मूल काही सावरलं नाही. मग सगळ्यांनी हात झटकले आणि प्रकरण मिटवलं. आता नळी सुधारली, यंत्रं सुधारली, म्हणून पुन्हा सुरुवात. सुधारली असतीलही. पण पुस्तिकेत त्या जुन्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही. जो आपली जुनी गोष्ट दडवतो, त्याच्या नव्या शब्दावर मी का विसंबायचं?

त्या नळीवाल्याला (याहून बरं नाव त्याने कमवेपर्यंत मी त्याला हेच म्हणणार) विचार की आजवर किती जणींना घातली, किती बाळं जगली आणि किती चालली. चालली म्हणजे बाळं. नळ्या चालल्याचं तो आपणहून सांगेल. जन्मल्यावर नळी घालतात ते काम जुनं आणि माहितीतलं आहे, मग पोटातच घालायची घाई का? सुई लागून वेळेआधी कळा सुरू झाल्या तर पुढे काय? उत्तरं तोंडी घेऊ नकोस, लिहून माग. माणूस लेखणी हातात घेताना कसा दिसतो ते बघ. मी त्यावरून अर्ध्या दाव्यांचा निकाल लावत असे.

जावईबापूंना सांग की लिफ्ट अडकली तर आतला माणूस तासाभराने बाहेर येऊन शिव्या तरी देतो. इथे ती सोय नाही.

कॉन्व्हेंटात आमच्या हस्ताक्षराच्या सिस्टर सांगायच्या की प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट नसते. हे त्या फक्त मलाच सांगायच्या, कारण बाकीच्या मुली काही विचारतच नसत. तू विचार. उद्धट ठरलीस तर माझं नाव सांग.

आता ते पाण्यात उभं राहणं पुरे, जरा पडून राहा. आयुष्यात एकदा तरी भिंगरी थांबू दे.

लोभ आहेच. त्याच्या शेजारी थोडी शंकाही बसू दे.

तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा नळीवाला रागावला नाही. त्याने खुर्ची ओढली, टेबलावरचा साधा कागद घेतला आणि लिहायला लागला. तुझ्या माहितीसाठी : कागद खरबरीत होता.

आजवर चौदा. दोन बाळं फार लवकर जन्मली आणि गेली. तीन जणांच्या नळ्या सरकल्या. किती चालली याच्यापुढे त्याने लिहिलं आहे, ‘अजून माहीत नाही, सर्वांत मोठं मूल दीड वर्षाचं आहे.’ त्या जुन्या प्रकाराची गोष्टही त्याने स्वतःच काढली. म्हणाला की तेव्हा नळीइतकीच बाळांची निवड चुकली होती, म्हणून आता निवडीवर इतका जोर. बाकी मेंदू नीट आहे का, संसर्ग आहे का, गुणसूत्रांत मोठा दोष आहे का, सगळं बघतात. ते सगळं ठीक आलं. पोकळ्या मात्र आता अठरा मिलिमीटर आहेत.

मग एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. त्यात नववा प्रश्न असा : आईच्या किंवा वडिलांच्या कुटुंबात डोक्यात पाणी झालेलं, किंवा जन्मापासून मेंदूचा दोष असलेलं मूल होतं का? मी ‘नाही’ लिहिलं. त्याने तो प्रश्न मला दोनदा विचारला. एक विशिष्ट जनुक असतं, ते आईकडून येतं आणि दुखणं मुलग्यांनाच होतं. त्या प्रकारात नुसतं पाणी काढून उपयोग नसतो, म्हणून त्या बाळांना ते नळी घालत नाहीत. पण त्याची वेगळी तपासणी लागते, तिला दिवस लागतात आणि घराण्यात काही असेल तरच ती करतात. मी सांगितलं की आईची मी एकुलती एक, मावशीने लग्नच केलं नाही, घराणं म्हणजे तेवढंच. तो म्हणाला, मग प्रश्न मिटला. आम्ही म्हणे चांगली केस आहोत. शस्त्रक्रिया ६ मार्चला.

एक विचित्र गोष्ट. आईला मी सगळा फॉर्म फोनवर वाचून दाखवला होता. काल तिने पुन्हा फोन करून विचारलं की नवव्यात काय लिहिलंस. बाकी एकाही प्रश्नाचा नंबर तिच्या लक्षात नव्हता. मी ‘नाही’ लिहिल्याचं सांगितलं, तर बरं म्हणून फोन ठेवला. या दिवसांत मला कशाचीही शंका यायला लागली आहे. नवरा दुकानात जाऊन येतो म्हणाला तरी वाटतं की डॉक्टरांना गुपचूप भेटायला चालला. हा तुझा गुण लागला.

फोटो पाठवते. बाळाचा एक हात छान दिसतो, दुसरा पाठीमागे आहे. अंगठा आत आणि चार बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. मागच्या फोटोतही असंच होतं. सोनोग्राफीवाली बाई म्हणाली, काहीतरी लपवून ठेवलंय, दाखवायला तयार नाही. लिफ्ट-मेकॅनिक म्हणतो की बटण दाबून धरलंय. डॉक्टर म्हणाले, मुठी सगळीच बाळं मिटतात.

मला सांग, सही करू ना? तू कर म्हणालीस तर करीन.

लोभ तर हवाच, पण उत्तर आधी.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत एक फोटो आहे. आधी तो बघ. मग पुढे वाच.

बघितलास? मी टेबलाच्या दिव्याखाली भिंग घेऊन बघितला. मग कपाटातला खालचा खण उघडला आणि बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. माझे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे, म्हणजे किती वेळ बसले असेन ते समजून घे.

मुठ्या. बेचाळीस वर्षांत हा शब्द मी लिहिलेला नाही. मीच ठेवलेलं नाव. अंगठा आत घालून मूठ मिटायचा आणि उघडायचा नाही, म्हणून. मी रविवारी यायची, तेव्हा त्याचे हात धुवायचं काम माझं. अंगठ्याखाली आपलं बोट सरकवून हळूच मूठ सोडवायची, आतली धूळ पुसायची, की पुन्हा अंगठा आत. थंडीत मी त्याला हातमोजे विणले ते बिनअंगठ्याचे, पिशवीसारखे, कारण अंगठा विणून तो घालायचा कुठे? त्यातला एक अजून माझ्याकडे आहे. तुझ्या सासूबाईंनी सगळे फोटो गोळा करून नेले तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता, म्हणून वाचला.

तो गेल्यावर तू माझ्याकडून शब्द घेतलास, मी दिला. लोकांना आपण ताप सांगितला. सात वर्षांनी भिंगरी झाली, तिला काहीच सांगितलं नाही. तिच्या घरात तिच्या आधी कुणी नव्हतंच, असं ठरून गेलं.

आता त्या डॉक्टरने तिला नववा प्रश्न दोनदा विचारला आहे आणि तिने दोनदा नाही म्हटलं आहे. ती खोटं बोलली नाही. आपण तिच्या तोंडून बोललो. हे दुखणं मुठ्याचंच असेल तर तिच्या पोटात सुई जाईल, त्या बाळाच्या डोक्यात जाईल, वेळेआधी कळा आल्या तर बाळ हातचं जाईल, आणि हे सगळं ज्याचा उपयोग नाही अशा नळीसाठी.

एकतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर शेरा मारला, ‘माहिती हेतुपुरस्सर लपवली, सबब नामंजूर’. एकदा एक बाई माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली होती की सासऱ्यांचं दुखणं लिहिलं असतं तर मुलीचं लग्न ठरलं नसतं. मी तिला सुनावलं की खरं लिहायला काही लागत नाही. तेव्हा मुठ्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या दिवशी मी डबा खाल्ला, पाचला घरी आले, मला झोपही लागली.

भिंगरीला तू सांग, ताई. सहा तारीख लांब नाही.

तुझा माझ्यावरचा लोभ हे पत्र वाचूनही टिकला तर बरं.

तुझी,
धाकटी


२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

फोटो बघितला. मुठी सगळीच बाळं मिटतात, डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे. तू डॉक्टर कधीपासून झालीस?

तुझा त्या माणसावर पहिल्या दिवसापासून राग. तुला ती शस्त्रक्रिया व्हायला नको होती, आणि आता तुला कारण सापडलं. तुला नेहमी कारण सापडतं.

तू मुठ्याला रविवारी बघायचीस. मी रोज. त्याची मान धरून धरून माझं डावं मनगट अजून दुखतं, लोकांना मी संधिवात सांगते. त्याचं डोकं किती जड होतं ते तुला माहीत नाही, कारण तू हात धुवायचीस, मी त्याला उचलायची. त्या वेळी मला कुणी म्हटलं असतं की पोटात असतानाच सुई घालून बघू, तर मी रस्त्यावर आडवी पडले असते. कुणी म्हटलं नाही. आज माझ्या पोरीला कुणीतरी म्हणतंय, तर तू दार लावायला निघालीस.

सांगितलं की यादीतून नाव काढतील. मग तिला विचारतील की हे कुणाकडून आलं. मला तीन वर्षं घरात काय ऐकावं लागलं ते तुझ्या पत्रात नाही, कारण मी ते तुलाही सांगितलेलं नाही. ते तिने ऐकायचं?

आणि ती मला विचारील, आई, आधी का नाही सांगितलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे असलं तर पाठव.

तू शब्द दिला आहेस. लोभाचं मग बघू.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. मनगटाचं मला आजवर कळलं नव्हतं. मला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

तू म्हणतेस त्यात एक गोष्ट खरी असू शकते. मला तो नळीवाला आवडला असता, तर शब्द मोडायची मी इतकी घाई केली असती का? मी स्वतःला विचारलं. उत्तर देताना माझा चेहरा मला आवडला नाही. म्हणून ठरवलं की माझ्यावरही विसंबायचं नाही. तपासणी करणाऱ्यावर सोपवायचं. मुठी सगळीच बाळं मिटत असतील तर तसं निघेल, नळी बसेल, आणि मी त्या माणसाला यापुढे डॉक्टरसाहेब म्हणेन, तेही लेखी.

भिंगरीला लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर आहे. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलेलं नाही. अठ्ठावीस तारखेला मी ते लावणार. त्याआधी तू लिहिलंस तर माझं फाडून टाकीन, कारण सांगायचा हक्क तुझा आहे. गप्प राहायचा मात्र आता दोघींपैकी कुणालाच नाही.

तुझ्या प्रश्नाला जे सुचेल ते तिच्यासमोरच बोलावं लागेल, तुलाही आणि मलाही.

रागावलेला का होईना, लोभ राहू दे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आधी मला एक मुलगा होता. जन्मला तेव्हाच त्याचं डोकं मोठं होतं, पुढे वाढत गेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी आहे, आणि नशीब म्हणाले. त्याचे दोन्ही अंगठे तळहातात वळलेले होते. तो बसला नाही. मला ओळखायचा. मी दारातून आत आले की पाय हलवायचा. तीन वर्षांचा व्हायच्या आधी गेला. ताप नव्हता.

तुला सांगितलं नाही. मावशीने मी शब्द घेतला म्हणून सांगितलं नाही. त्यात तिचा दोष काढू नकोस.

नवव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. डॉक्टरांना हेच पत्र दाखव. मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

तू कसंही बोललीस तरी मी ऐकून घेईन. पण जेवत जा.

तुझी,
आई


१४ मार्च

मावशी,

मायना लिहायला घेतला होता. जमला नाही.

आईचं पत्र मी डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. त्याच दिवशी तपासणीला पाठवलं आणि सहा तारीख पुढे ढकलली. दोन आठवडे आम्ही घरात एकमेकांशी फक्त पाण्याचा नळ, दाराची कडी असल्या गोष्टींबद्दल बोलत होतो. परवा निकाल आला. तेच जनुक. आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. मुलगा आहे हे आम्हाला असं कळलं.

नळी घालणार नाहीत. पाणी काढलं तरी बाकीचं जे घडलंय ते त्याने बदलणार नाही, आणि लवकर जन्मला तर आहे तेही जाईल. पूर्ण दिवस भरू द्यायचे, पोट कापून जन्माला घालायचं, आणि मग नेहमीची, त्वचेखालची नळी. डॉक्टर जे बोलले ते तुला शब्दशः सांगते, कारण तुला शब्द लागतात. “हे पत्र आलं नसतं तर सहा तारखेला मी नळी घातली असती, आणि ती छान बसली असती. मला त्याचीच भीती वाटते.” लिफ्ट-मेकॅनिकने आकृती काढलेलं ते पाकीट खिशातून काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

आता माझं ऐक. आईवर मला रागावता येत नाही, तिचं पत्र इतकं लहान आहे. तुझ्यावर येतं. मला आधी कळलं असतं तर कदाचित मी मूल होऊच दिलं नसतं. कदाचित हाच हवा म्हटलं असतं, सगळं माहीत असूनही. पण ते मी ठरवलं असतं. माझ्या अंगात काय आहे ते तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. पस्तीस वर्षं तू माझ्या प्रत्येक वाढदिवसाला दोन पानी पत्र लिहिलंस. मी ती सगळी जपून ठेवली आहेत. काल काढून वाचायला घेतली आणि वाचवेनात. प्रत्येक ओळीखाली अजून एक ओळ आहे असं वाटतं.

लोभाच्या शेजारी शंका बसू दे, म्हणाली होतीस. आता ती एकटीच बसली आहे.

भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. तुला नको असले तरी.

हे उत्तर नाही, पोच आहे. तू लिहिलंस ते सगळं मान्य. मी शब्दाला जागले असं म्हणण्याची सोय होती, पण शब्दाला जागण्यात माझं काहीच जात नव्हतं. किंमत तुझ्या नावावर चढत होती.

तुझ्या डॉक्टरांना एक पत्र टाकलं आहे. त्यांनी जुनी गोष्ट दडवली असं मी म्हणाले होते. त्यांनी ती आपणहून सांगितली. दडवली ती मी. डॉक्टरसाहेब असा मायना घातला.

सोबतच्या पुडीत एक लहान मोजा आहे. त्याला अंगठा नाही, ती विणीतली चूक नव्हे. तो तुझ्या भावाचा आहे. आजपासून तो तुझ्याकडे असायला हवा. नको असेल तर परत पाठव, फेकू नकोस.

मी आता तू लिहीपर्यंत लिहिणार नाही. पेटी मात्र रोज बघीन.

मावशी


१६ जून

ती. मावशीस,
सा. न.

वि. वि. पुढच्या वेळी. आज हात मोकळा नाही, एका बाजूला तो आहे.

२६ मेला झाला. सहाव्या दिवशी नळी घातली. कानामागून त्वचेखालून पोटापर्यंत जाते. बोट फिरवलं की लागते, बारीक दोरीसारखी. डोक्याचा घेर आता वाढायचा थांबला आहे. दूध पितो, पण दम लागतो. पुढे काय काय जमेल ते कुणी सांगत नाही, आणि मीही कुणाला ‘अनेक’ म्हणू देत नाही. नळीवाले डॉक्टरसाहेब (त्यांना तुझं पत्र मिळालं, खणात ठेवलंय) दर आठवड्याला डोकावतात, त्यांचं इथे काही काम नसताना.

दोन्ही अंगठे आत आहेत.

आई आली आहे. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली. मग आली, हात धुतले, त्याच्या अंगठ्याखाली बोट सरकवून मूठ सोडवली आणि आतला ओलावा पुसला. नर्सने विचारलं की तुम्हाला हे कुणी शिकवलं. आई म्हणाली, बहिणीने. मग तिने त्याला उचललं, डाव्या मनगटावर मान घेऊन. बोलण्यासारखं खूप आहे, ते मी एकेक करून बोलणार आहे, तिच्याशीही आणि तुझ्याशीही.

दोन कामं आहेत. इथे नवा फॉर्म भरायचा आहे. नवव्या रकान्यात मी ‘होय’ लिहिलं. खाली विचारतात की मूल कोण, जन्म कधी, मृत्यू कधी. आईला तारखा विचारल्या की ती खिडकीकडे बघते. तू सांग. आणि त्याचं खरं नावही.

दुसरं काम. व्यायाम घेणाऱ्या बाईने त्याच्या अंगठ्यांसाठी मऊ पट्ट्या बनवल्या आहेत. दिवसातले काही तास त्या अंगठा बाहेर धरून ठेवतात. तेवढ्या वेळात हात गार पडतात. तेव्हा मोजे विणून पाठव.

अंगठ्यासकट.

भिंगरी


२३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. तुझ्या कुशीतल्यासही.

रकाना असा भर. मूल : अर्जदाराचा सख्खा मोठा भाऊ. जन्म : ११ नोव्हेंबर, तुझ्या दहा वर्षं आधी. मृत्यू : २ ऑक्टोबर, वय तीनला महिनाभर कमी. आजार : डोक्यात पाणी, दोन्ही अंगठे आत वळलेले. माहिती कुणी दिली : मावशी. विलंबाचं कारण असा रकाना असेल तर तो कोरा ठेव, मी स्वतः येऊन भरीन.

खरं नाव मी लिहीत नाही. यात दडवणं नाही. ते सांगायचं काम तुझ्या आईचं. ती खिडकीकडे बघत असेल तेव्हा तूही तिच्या शेजारी उभी राहून बाहेर बघ. सांगेल.

मोजे याच टपालाने येत आहेत. चार दिवस लागले, एरवी ते एका दुपारचं काम. पिशवी झटक्यात झाली, अंगठ्यापाशी अडले. दोनदा उसवला. एकदा फार बारीक झाला, एकदा भलत्याच बाजूला गेला. या मापाचा अंगठा मी कधी विणलेलाच नव्हता. तिसऱ्यांदा जमलासं वाटतं, पण तू घालून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

लोभ असावा ही विनंती. आजवर हे मी सवयीने लिहीत आले, आज विनंती म्हणून लिहिते.

तुझी,
मावशी